निळ्या झाकणावरचा गोंद

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद घ्या, आणि त्यातले अर्धे माझ्या जावेला द्या. (पूर्ण देऊ नका, तिनं माझ्या मागच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. किती बरे आहोत ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो हे मला पटतं, पण आमच्याकडे यायची गोष्ट निघाली की जास्त दुखतो, याबद्दल मला थोडा संशय आहे. एकदा डॉक्टरांना विचारून बघा, गुडघ्याला पत्ते वाचता येतात का. रागावू नका. संशय मी माहेरून आणलेला नाही. आमच्याकडे समोरच्यानं सांगितलेलं खरं धरून लोक झोपायला जात. संशय मला तुमच्या घरात मिळाला, तुमच्या दादांकडून. जन्मभर बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस, उजेडासमोर बाटली धरून खोट शोधायची हे काम. घरी आल्यावर पाण्याचा पेलासुद्धा आधी खिडकीकडे धरायचे आणि मग तोंडाला लावायचे. इतकी वर्षं शेजारी बसून मीही वस्तू खिडकीकडे धरायला लागले. आता ते नाहीत. खिडकी आहे, आणि सवय माझ्याकडे राहिली आहे.

तर पत्र लिहायला कारण की आपल्या दारावरची पाटी पडली.

पाटी तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. काळी काच, तिच्यावर मागच्या बाजूनं सोनेरी रंगात लिहिलेलं दादांचं नाव, आणि ती लोखंडी दारावर चार कोपऱ्यांत गोंदाचे चार ठिपके देऊन चिकटवलेली. आम्ही या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात दादांनी स्वतःच्या हातानं ती लावली. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. दाराचं कुलूप हट्टी होतं, पिशवी खाली ठेवून किल्ली बराच वेळ फिरवावी लागायची, आणि तेवढा वेळ ती पाटी बरोबर डोळ्यांसमोर असायची. एक दिवस तिच्यावरचं एक अक्षर मला चहाच्या डब्यावर सापडलं. दुसरं साबणाच्या कागदावर. मग मला चटकच लागली, घरातली सगळी वेष्टनं मी गोळा करून ठेवायची. पुढे वाचनालय, कादंबऱ्या, आणि कादंबऱ्यांच्या शेवटांवरून वाचनालयातल्या बाईंशी माझी भांडणं, हे सगळं त्या कुलपापासून सुरू झालं. दादांना मी नावानं कधी हाक मारली नाही, आयुष्य 'अहो'वर भागवलं. पण नाव वाचत मात्र रोज होते. येता-जाता, मनातल्या मनात. ते गेल्यावरही वाचतच होते. आता किल्ली फिरवताना समोर नुसतं दार असतं.

पडली कशी, ते नीट ऐका. दुपारची वेळ, मी आत मटार सोलत होते आणि दाराशी आवाज झाला. खळ्ळकन नाही, धप्प. हा धप्प लक्षात ठेवा. जाऊन बघते तर सूनबाईच्या घरात घालायच्या मऊ लोकरी सपाता दाराबाहेर जोडीनं ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर पाटी पालथी. एका कोपऱ्याला केसाएवढी चीर, बाकी शाबूत. आता मला सांगा भाऊजी, घरात घालायच्या सपाता घराबाहेर कशाला? आणि त्याही नेमक्या पाटीच्या खाली? पडायची वेळ आधीच ठरली असल्यासारखी ती गादी कुणी अंथरली? सूनबाई धावत आली आणि म्हणाली, "बरं झालं आई, दिवसा पडली, कुणाच्या पायावर नाही पडली." मी त्यातले पहिले दोन शब्द जपून ठेवले. संध्याकाळी चिरंजीव आले, पाटी उचलली, उलटीसुलटी पाहिली, "जुनी झाली होती गं" म्हणाले आणि चहा मागितला. बापाचं नाव हातात धरून चहा मागतात का कुणी?

पुढचं ऐका. एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते (झोपले नव्हते, मिटून पडले होते), तेव्हा चिरंजीव टेप घेऊन दारावरची ती रिकामी जागा मोजत होते आणि सूनबाई शेजारी उभी राहून कुजबुजत होती. रिकामी जागा कोण मोजतं? ज्याला ती भरायची असते तो. त्या दिवसापासून दोघांचं एकच पालुपद, "आई, गोंदाच्या मागे लागायचं नाही, आम्ही बघतो." 'आम्ही बघतो' हे शब्द मी ज्यांच्याकडून ऐकले त्यांतल्या कुणी आजवर काही बघितल्याचं मला आठवत नाही. आणि आता त्यांच्या कपाटामागे तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक चपटं पार्सल आलं आहे. (मी ते पाहिलेलं नाही, असं मी ठरवलं आहे.) यातून काय निघतं ते तुम्हाला सांगायला नको. दादांचं नाव उतरलं, आता चिरंजीवांचं चढणार. त्यात वावगं काहीच नाही, घर आता तोच चालवतो. पण दारातून आत येताना आपण कुणाच्या घरात शिरतो आहोत, हे मला वाचता आलं पाहिजे. मला दुसऱ्या नावावर सुरुवातीपासून अक्षरं लावायची नाहीत.

म्हणून मी ठरवलं, ते 'बघायच्या' आत आपणच पाटी चिकटवून मोकळं व्हायचं. काच लोखंडाला चिकटवायची, यात काय मोठंसं, असं मला वाटलं. तुमचं सगळं आयुष्य बसच्या खिडक्यांना काचा बसवण्यात गेलं, तेव्हा तुम्ही आत्ता हसत असाल. हसा.

पहिला गोंद कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. एवढीशी नळी. वर लिहिलेलं, 'काच, धातू, लाकूड, चामडे, रबर, चिनी माती सर्वांस क्षणात चिकटते.' भेटेल त्याला क्षणात चिकटणारा माणूस मी घरात घेतला नसता, पण नळी घेतली. क्षणात चिकटला हे खरं. आधी माझा अंगठा तर्जनीला चिकटला, मग तर्जनी नळीला, आणि शेवटी कोमट पाण्यात हात बुडवून बसले तेव्हा कुठे सुटका झाली. पाटीही चिकटली. मी लांब उभी राहून वाचून पाहिली, फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दार जरा जोरात लावलं (कुणी ते मी लिहीत नाही, घरात आम्ही तिघंच आहोत) आणि पाटी टक्‌ करून सुटली. पण मी तुमच्या दादांची बायको आहे, खाली चौघडी रजई अंथरून ठेवली होती. ती रजई तेव्हापासून तिथेच आहे. दूधवाला तिला अडखळतो, आणि कुरिअरवाल्याला एकीकडे रजई दिसते आणि दुसरीकडे नाव दिसत नाही म्हणून तो आमची पाकिटं शेजारी देऊन जातो.

शेजारी म्हणजे 'साहेब'. पंपांच्या कंपनीतून निवृत्त झाले, पण बोलताना अजून हाताखाली माणसं असल्यासारखे बोलतात. पाकीट द्यायला आले, पाटी पाहिली, नळी पाहिली, आणि माझी कीव केली. म्हणाले, हे खेळण्यांना ठीक. दोन नळ्यांचा गोंद आणा, एकीत राळ, दुसरीत ती कडक करणारं औषध, दोन्ही समसमान कालवा. समसमान म्हटलं की मला संशय येतो, दोघांतला एक नेहमी जास्त दाबला जातो. तरी आणला, जुन्या बशीत आइस्क्रीमच्या काडीनं कालवला, लावला. दगडासारखा झाला. मी दोन बोटांनी ओढून पाहिलं, ढिम्म. साहेब अंगठा उंचावून गेले. मग आला उन्हाचा दिवस. आमच्या दारावर दुपारनंतर ऊन येतं हे तुम्हाला माहीत आहे, हात ठेववत नाही इतकं तापतं. संध्याकाळी पाटी रजईवर. आणि गंमत अशी की गोंद काचेला तसाच घट्ट, त्याच्या पाठीला दाराचा हिरवा रंग घट्ट, आणि दारावर चार ठिकाणी लोखंड उघडं. म्हणजे काचेनं दगा दिला नाही, गोंदानंही दिला नाही. इतकी वर्षं ज्याला आपण दार समजत होतो तो नुसता रंग निघाला. यावर मी बराच वेळ रजईवर बसून राहिले.

साहेब पुन्हा आले आणि आता त्यांनी कारण सांगितलं. रंगावर चिकटवायचं नसतं, आधी रंग खरवडायचा. आणि उन्हानं लोखंड फुगतं, काच तेवढी फुगत नाही, मधला गोंद कडक असला की दोघांच्या ओढाताणीत तो तरी सुटतो नाहीतर काच तरी तडकते. मधल्यानं थोडं लवचीक असावं लागतं. (हे कळायला पंप कशाला हवेत? मुलाचं लग्न झालं तेव्हाच मला कळलं होतं.) मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." माझा आता असा संशय आहे की साहेबांना आमची पाटी चिकटायलाच नको आहे, कारण आमची पाकिटं शेजारी जात राहिली तर त्यांना बोलायला माणूस मिळतो. त्यांची बायको मुलीकडे गेली ती अजून आलेली नाही. तेव्हा या गुन्ह्याबद्दल मी त्यांना माफ केलं आहे, पण सल्ला बंद.

तिसरा गोंद हार्डवेअरवाल्यानं दिला. लांबट नळकांडं, पिचकारीसारख्या बंदुकीत घालून दाबायचं, मऊ, रबरासारखं सुकणारं. मी विचारलं, यात प्रकार किती? तो म्हणाला, "आजी, सगळे सारखेच." सगळे सारखे असते तर त्याच्या फळीवर आठ नळकांडी कशाला असती? घरी आणून टोक कापलं, तर आतून व्हिनेगरचा वास. गोंदाला व्हिनेगरचा वास का यावा? सवयीनं मी ते नळकांडं घेऊन खिडकीशी गेले, उजेडात बघायला. आणि तिथे मला झाकणं दिसली.

भाऊजी, ती झाकणं तुम्हाला आठवतात का? स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर दादांनी माझ्या डब्यांची झाकणं ओळीनं मांडून ठेवली होती. प्रत्येक झाकणावर खिडकीच्या फुटक्या काचेचा एकेक तुकडा चिकटवलेला. माझे चांगले डबे उघडे पडले, त्यांवर ताटल्या ठेवून मी दिवस काढले, आणि किती बोलले मी त्यांना त्यावरून. विचारलं, हे काय आहे, तर म्हणायचे, "काही नाही, सहज." मला वाटलं, निवृत्त झाल्यावर हात रिकामे झालेत, कबुतरं हाकलायला करत असतील. दर रविवारी चहा घेऊन तिथे उभे राहायचे आणि प्रत्येक तुकडा अंगठ्यानं ढकलून बघायचे. ते गेल्यावर मी झाकणं काढली नाहीत. त्यांच्या भोवतीनं फडकं फिरवत राहिले, एवढंच.

आता पाहिलं. एकावरचा तुकडा कधीच गळून गेलेला. एकावर काच मधोमध तडकलेली, खाली तोच दगडासारखा गोंद. एकावर तुकडा आहे, पण गोंदाच्या कडेनं झाकण गंजानं खाल्लेलं, आणि त्याबरोबर मला आठवलं, ज्या दिवशी त्यांनी तो गोंद लावला त्या दिवशी स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली फुटल्यासारखा वास होता आणि मी ओरडले होते. जे झाकण खातं ते पाटीमागचा सोनेरी रंग काय सोडणार होतं? मी नळकांडं खाली ठेवलं. आणि शेवटचं निळं झाकण, साखरेच्या डब्याचं. त्यावर काळा गोंद, रबरासारखा. गंज नाही, चीर नाही. अंगठ्यानं ढकललं तर काच जराशी हलते आणि पुन्हा जागेवर येते. दादांना जाऊन दोन उन्हाळे झाले. मागे कुणी बघणारं नसताना तो तुकडा तिथे तसाच धरून आहे.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. रोज घराबाहेर पडताना दादा पाटीचा वरचा कोपरा अंगठ्यानं दाबून जायचे. मला वाटायचं, स्वतःच्या नावावर प्रेम आहे. प्रेम कसलं, तपासणी होती. आपण लावलेला गोंद सुटत चालला आहे हे त्यांना दिसलं होतं, आणि मला न सांगता ते दुसरा शोधत होते. कुठल्याही वेष्टनावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ऊन आणि पाऊस यांनाच त्यांनी कामाला लावलं. पण निकाल लागायच्या आधीच परीक्षक उठून गेला. आणि जो माणूस पाणीसुद्धा सहज प्यायला नाही त्याच्या 'सहज'वर मी विश्वास ठेवला. माझ्या सगळ्या संशयी आयुष्यात तेवढा एकच विश्वास, तोही नको तिथे.

असो. पत्र लांबलं. माझं तुमच्याकडे काही मागणं नाही. एवढंच करा की काका या नात्यानं चिरंजीवांना चार खडे बोल लिहा, की बापाची पाटी उतरली म्हणजे बाप उतरत नाही, आणि कपाटामागची पार्सलं लपत नाहीत. माझं नाव मध्ये घालू नका. पाटी मी दादांच्या मफलरमध्ये गुंडाळून माझ्या पुस्तकांच्या पेटीत ठेवली आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. गुडघ्याला शेक द्या, आणि जावेला सांगा की पत्राचं उत्तर लिहायला गुडघा लागत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. निळ्या झाकणावरचा गोंद कोणता? विचारायचं नव्हतं, पण विचारते. दादांना ते सगळे गोंद तुम्हीच तुमच्या वर्कशॉपमधून आणून द्यायचात, अर्धवट उरलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, नाव ना गाव. तेव्हा तुम्हाला माहीत असणार. काच उपटून नमुना पाठव असं म्हणू नका, तो तुकडा मी कुणाला उपटू देणार नाही. आणि नाव लिहूनही कळवू नका, छापलेल्या नावांचा अनुभव मी घेतला आहे. गोंद घेऊन तुम्हीच या. (तुमच्या हातावर माझा फार विश्वास आहे असं नाही. पातेल्याच्या काचेच्या झाकणाची मूठ तुम्ही चिकटवून दिली होतीत, ती पाहुण्यांसमोर आमटीत पडली होती. पण निळं झाकण तुमच्या बाजूनं साक्ष देतं आहे.) आणि गुडघ्याचं म्हणाल तर भाऊजी, दादा गेल्यापासून तुम्ही का येत नाही ते मला कळतं. दोनदा खालपर्यंत येऊन परत गेलात, साहेबांनी त्यांच्या खिडकीतून पाहिलं होतं. दारावरचं ते नाव वाचून बेल वाजवायची, हे तुम्हाला जमत नाही. आता दारावर नाव नाही. आता यायला हरकत नसावी.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात सूनबाई ते पार्सल घेऊन समोर बसली. म्हणाली, "आई, तुम्ही रोज आमच्या कपाटामागे केर काढता आहात, आता उघडाच." उघडलं. काळी काच, सोनेरी अक्षरं, दादांच्या पाटीएवढीच रुंद पण उंचीला कमी. नाव चिरंजीवांचं नाही. माझं आहे. टेपनं मोजत होते ते दादांच्या पाटीखाली किती जागा उरते ते. चिरंजीव दारात उभे राहून म्हणाले, "बाबांची आहे तिथेच लावायची. तुझी खाली." सपातांचं विचारलं, तर पाटी हलते हे सूनबाईला आधीच दिसलं होतं, मला सांगितलं तर मी घाबरेन म्हणून तिनं काही दिवस आपल्या सपाता खाली ठेवल्या आणि स्वतः फरशीवर अनवाणी फिरली. म्हणजे पाटी सुटते आहे हे या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. वर लिहिलेलं फाडणार होते, पण फाडत नाही. निकाल चुकला असेल, पुरावे खरे होते. चिरंजीवांना खडे बोल लिहू नका, पण तयार ठेवा, केव्हाही लागतील.

माझं नाव मी दवाखान्याच्या चिठ्ठीवर वाचलं आहे, वाचनालयाच्या कार्डावर वाचलं आहे, दारावर लावायच्या काचेवर कधी वाचलं नव्हतं. एका दमात वाचता आलं नाही, मध्ये चष्मा पुसावा लागला. मग पाटी खिडकीकडे धरून पाहिली. खोट सापडली नाही. त्यामुळे मला अजूनच संशय येतो आहे.

ता. क. तिसरा. गोंद दोन पाट्यांना पुरेल एवढा आणा. दाराचा रंग मी खरवडून ठेवते. हा मऊ गोंद सुकायला वेळ घेतो, तोवर पाट्या हातानं धरून ठेवाव्या लागतात असं हार्डवेअरवाला म्हणाला, आणि एवढं तरी तो खरं बोलला असावा. माझी मी धरीन. दादांची तुम्ही धरा. त्यात गुडघ्याला काही काम नाही.